उत्प्रेरकाची तब्येत

३ ऑगस्ट १९५४

उदय, माफ कर. वही तू जूनमध्ये देऊन गेलास आणि लिहायला मी आज बसतो. आधी पेरणी होती. मग डवरणी आली. मग डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. हे सगळं खरं असलं तरी खरं कारण भीतीचं आहे. अनसिंगच्या शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो, आणि तांड्यातली माणसं तेवढ्यावरच मला मुनशी म्हणून चिडवतात. वही लिहितो हे कळलं तर काय म्हणतील ते म्हणोत. तू म्हणालास, "बा, तुमी दिवसभर याडीचं डोकं खाता. त्यातलं अर्धं वहीत टाका, तिले आराम भेटन." तेवढ्यासाठी लिहितो. घरी आमची बोली गोरमाटी, याडी म्हणजे आई हे त्यातलंच, पण ती बोली कशी लिहितात ते मला कोणी शिकवलं नाही. म्हणून कोण काय बोललं ते इकडच्या वऱ्हाडीत टाकतो.

पहिल्यांदा मुख्य गोष्ट. माझा मुलगा उदयसिंग नागपूरला तेलाच्या सरकारी प्रयोगशाळेत आहे. काम काय, ते त्याने जूनमध्ये बाजेवर बसून मला आणि त्याच्या आईला सांगितलं. तेलातून आम्ल काढायचं. ते पोलादी भांड्यात कोंडायचं. त्यात हायड्रोजन वायू खूप दाबाने भरायचा आणि भांडं तापवायचं. एवढं करूनही काही होत नाही. त्यात चिमूटभर काळी पूड टाकली की होतं. पूड दोन धातूंची आहे, तांबं आणि क्रोमियम. क्रोमियम म्हणजे सायकलच्या हँडलवर चमकतं ते. एकटं तांबं काम करतं पण लवकर थकतं, दुसरा धातू त्याला थकू देत नाही. पूड स्वतः मात्र खर्च होत नाही.

त्याची आई धनीबाई म्हणाली, "म्हशीची धार काढतानी एक जण पारडू धरून उभा राह्यते, तसं?"

"व्हय याडी, तसंच."

पुडीला त्याने इंग्रजी नाव सांगितलं, कॅटॅलिस्ट. ते माझ्या तोंडात बसलं नाही.

आता काळजीची गोष्ट. भांड्यातून जे निघतं त्याला तो अल्कोहोल म्हणाला. हा शब्द मला माहीत आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या तांड्यात सोमलाच्या भट्टीवर छापा पडला तेव्हा फौजदाराने कागदावर हाच शब्द लिहिला होता. मी विचारलं, "म्हंजे दारू?" तो हसला. म्हणाला, हे चरबीचं अल्कोहोल, पांढरं, मेणासारखं घट्ट, याला कोणी पिऊ शकत नाही, याची कपडे धुवायची पूड होते. तो खोटं बोलत नाही. पण छाप्यानंतर सगळ्या तांड्याने पोहरादेवीला जाऊन दारू सोडल्याची शपथ घेतली आहे, आणि तांड्याच्या नायकाच्या हुकमाने सोमलाची भट्टी ज्याने फोडली तो मी. तेव्हापासून सोमला माझ्याशी बोलत नाही. अशा घरातला मुलगा अल्कोहोल करतो हे मी कोणत्या तोंडाने सांगू? विचारणाऱ्याला मी "साबणाचं सामान" असं सांगतो.

त्यात त्याला तेल हवं आहे तेही मोहाचं. फुलाची दारू होते, बी वेगळं. बियांना आम्ही टोळी म्हणतो, त्यांचं तेल दिव्याला आणि अंगाला लावतात. बाजारच्या तेलात भेसळ असते, घरचं शुद्ध, असं त्याच्या सरांचं म्हणणं. मार्च अखेरपर्यंत काम जमलं पाहिजे. नाही जमलं तर त्याची जागा दुसऱ्याला देतील. तांड्यातून एवढं शिकलेला तो पहिलाच. परत आला तर काय करील हे त्यालाही माहीत नाही आणि मलाही.

११ ऑगस्ट

टोळी गोळा करून, फोडून, आतला गर वाळत घातला होता. आज पाहतो तर त्यात बारीक किडे. धनीबाई म्हणाली, ऊन दाखवा, जातील. ऊन कुठे आहे? आठ दिवस आभाळ गच्च. शेतकी खात्याच्या कामदाराने ज्वारीवर काणी पडू नये म्हणून गंधकाच्या पुड्या दिल्या होत्या, त्यातल्या उरल्या होत्या. सगळ्या गराला हाताने चोळून लावल्या. सरकारी गंधक आहे, चांगलं पिवळं. आता किड्याची हिंमत नाही.

१२ ऑगस्ट

रात्रीतून किडे मेले. बरं वाटलं.

५ सप्टेंबर

अनसिंगला घाण्यावर टोळी नेली आणि समोर उभं राहून तेल काढून घेतलं. आधी घाणा धुवायला लावला. तेली वैतागला. "बुवा, देवाले तेल नेऊन राह्यले का?" असं म्हणाला. मी म्हटलं, मुलासाठी. त्याला तेलाचा वास वेगळा वाटला. मला नाही वाटला. नवा डबा घेतला, झाळून बंद केला.

धनसिंग, माझा पुतण्या, गुरांच्या औषधासाठी नागपूरला जाणार आहे. अकोल्यापर्यंत मोटार आणि पुढे आगगाडी. डबा त्याच्याजवळ दिला. मांडीवर ठेव म्हणून सांगितलं.

"काका, मोहाचं हाय. पोलिसानं धरलं तं?"

"तेल हाय म्हन."

"त्याईनं चाखून पाह्यलं तं?"

"तं चाखू दे. हगवण लागन त्याले."

तो हसत गेला. मला मात्र मोटार दिसेनाशी होईपर्यंत काही सुचत नव्हतं.

१९ सप्टेंबर

धनसिंग परत आला. डबा पोचला. उदय हडकला आहे असं म्हणतो. प्रयोगशाळेत उदयच्या तोंडून त्याने तो शब्दही ऐकून घेतला, आणि मोटारीतून उतरल्या उतरल्या मला म्हणाला, "काका, साबणाचं सामान म्हनत होते ना तुमी?" मी त्याला गप्प राहायला सांगितलं. तो गप्प राहणाऱ्यातला नाही.

२७ ऑक्टोबर

दिवाळी झाली. उदय आला नाही. बैलाच्या खुरात काटा होता तो काढला.

१४ डिसेंबर

उदयचं पत्र आलं. नागपूरला गेल्यापासून तो शुद्ध मराठी लिहितो, त्यामुळे मला दोनदा वाचावं लागतं. मजकूर असा:

"काम अडले आहे. उत्प्रेरकाला विषबाधा होते आहे असे दिसते. कशाने, ते कळत नाही. सुरुवातीला बरा असतो, मग तासा-दोन तासांत पार गळतो. सर फार काळजीत आहेत. तुम्ही काळजी करू नका."

काळजी करू नका म्हणे. उत्प्रेरक कोण ते मला माहीत नाही, पण एक माणूस विष खाऊन पडला आहे आणि मुलगा त्याच्याजवळ आहे. धनीबाईला अर्धंच वाचून दाखवलं.

१५ डिसेंबर

अनसिंगला दौलतरावांकडे गेलो. ते जुने मास्तर, आता पोस्टही तेच सांभाळतात. पत्र त्यांनी चष्मा पुसून वाचलं. म्हणाले, "प्रेरक म्हणजे प्रेरणा देणारा. उत् म्हणजे वर. उत्प्रेरक म्हणजे वरून प्रेरणा देणारा अधिकारी."

मी म्हटलं, सर तर वेगळे लिहिले आहेत.

"वेगळेच. शाळेत हेडमास्तर असतो अन् त्याच्यावर इन्स्पेक्टर असते का नाई? तसं. सर खाली, उत्प्रेरक वर."

"अन् विषबाधा?"

"आता हरिसिंग, विषबाधा म्हंजे विषबाधा. त्याचा अजून काय अर्थ काढू?"

चहा दिला त्यांनी. पिववला नाही.

१८ डिसेंबर

उदयला पत्र टाकलं. साहेबांच्या तब्येतीची विचारपूस केली. कडुलिंबाचा पाला किंवा तूप पोटात द्यावं, ओकारी होऊ द्यावी असं लिहिलं. पुढे हेही लिहिलं की, बाहेरचं खाऊ नको, दुसऱ्याच्या लोट्यातलं पाणी पिऊ नको, आणि उत्प्रेरकाजवळ एकटा बसू नको.

हे शेवटचं का लिहिलं ते इथे लिहून ठेवतो, पत्रात लिहिता आलं नाही. कुठे काही बिनसलं की आमच्या लोकांकडे आधी बघतात. माझ्या तरुणपणी रिसोडच्या बाजारात बैल हरवला तर पहिल्यांदा तांड्याची झडती होत असे. बैल मग दुसरीकडे सापडत असे. इतक्या मोठ्या अधिकाऱ्याला विष झालं आणि जवळ आमचा पोरगा, तर कोणाचं नाव येईल?

४ जानेवारी १९५५

उदयचं कार्ड. तीनच ओळी. "बा, तुमचे पत्र नीट समजले नाही. तूप कशाला? उत्प्रेरकाजवळ मीच असतो, दुसरे कोण असणार?"

वाचून कार्ड लगेच खिशात घातलं.

धनीबाई विचारते, काय झालं? मी म्हटलं, डोळा दुखतो.

५ जानेवारी

कामाला लागलो नाही. ज्वारी राखायला धनसिंगला पाठवलं.

२२ जानेवारी

दुसरं पत्र. "उत्प्रेरक बदलला. नवाही टिकला नाही. आता तिसरा करतो आहोत. हाही गेला तर मार्चनंतर माझे इथे राहणे कठीण."

दोन गेले. सरकार तिसरा माणूस पाठवते आहे, आणि उदय हे असं लिहितो जसं कोणी कंदिलाची काच बदलल्याचं लिहावं. शहरात राहून माणसाचं मन एवढं कोरडं होतं का? लहानपणी पारडू मेलं तर हा दोन दिवस जेवला नव्हता.

दौलतरावांना पत्र दाखवलं नाही. त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही.

३० जानेवारी

पोहरादेवीला जाऊन आलो. नारळ दिला. तिसरा उत्प्रेरक जगू दे असं मागितलं. नाव माहीत नाही म्हणून नुसतं उत्प्रेरक म्हटलं. शेजारच्या बाईने माझ्याकडे वळून पाहिलं.

परत येताना मोटारीत सोमला होता. दोन बाकं पुढे बसला. माझ्याकडे पाहून खिडकीकडे तोंड केलं. बाजूच्या माणसाला मोठ्याने म्हणाला, "आजकाल पोहरादेवीले कोण कायच्यासाठी जाईन, सांगता येत नाई." धनसिंगने तोंड उघडलेलं दिसतं.

१६ फेब्रुवारी

ज्वारी निघाली. दाणा भरलेला. काणी एका कणसावरही नाही. एवढी एक गोष्ट नीट झाली.

७ मार्च

उदय आला. उद्या होळी. गालफडं बसली आहेत. हातावर जुने भाजल्याचे डाग. धनीबाई त्याचे हात धरून बसली. त्याने अर्धीच भाकर खाल्ली. मी इतके दिवस पोटात ठेवलेलं आता ठेवता येईना.

म्हटलं, "तिसऱ्या साहेबाची तब्येत कशी हाय?"

"कोन्या साहेबाची?"

"उत्प्रेरकाची."

त्याने आईकडे पाहिलं.

मी म्हटलं, "पह्यले दोघं गेले त्याईच्या घरी कोण कोण हाय? बायको, लेकरं? तू भेटून आला का नाई? माणसानं जाव लागते, उदय. आपल्यावर आळ आला तरी जाव लागते."

मग त्याने भाकर खाली ठेवली आणि हसायला लागला. असा हसला की ठसका लागला, धनीबाईने पाठ चोळली. पाणी प्यायला, पुन्हा हसला. डोळे पुसत म्हणाला, "बा, ती पूड. काळी पूड. जूनमध्ये सांगितली होती ती. तिले मराठीत उत्प्रेरक म्हनतात."

"अन् विष?"

"पूड काम करनं बंद करते त्याले विषबाधा म्हनतात. बोलायची रीत हाय. कोनी मेलं नाई, बा."

धनीबाई म्हणाली, "तरीच हा माणूस तीन महिने झोपला नाई."

मला हसू आलं नाही. पण ज्वारीची भाकर गोड लागली. हे आठच्या सुमारास.

त्यानंतरचंही लिहिलं पाहिजे.

जेवण झाल्यावर तो म्हणाला की दोन्ही धातू त्याने कमी-जास्त करून पाहिले, पूड पुन्हा पुन्हा नवी केली, भांडं बदललं, वायू बदलला. सरकीच्या तेलावर तीच पूड चालते. आपल्या तेलावर मरते. तेल तर घरचं, शुद्ध, म्हणून त्याच्यावर कोणी संशयच घेतला नाही. नागपूरहून निघेपर्यंत त्यालाही वाटलं नव्हतं. मोटारीत बसल्यावर वाटलं.

"बा, टोळीचं काय काय केलं, पह्यल्यापासून सांगा."

मी सांगितलं. वेचली, फोडली, वाळवली, घाणा धुवून घेतला, नवा डबा, झाळून बंद. अभिमानाने सांगितलं.

धनीबाई म्हणाली, "अन् गंधक?"

मी ते सोडलं होतं. लपवलं नव्हतं. ते काही 'केलं' असं मला वाटलंच नव्हतं. ते तर जपणं होतं.

उदयने विचारलं, "किती?"

मी हाताने दाखवलं.

तो उठून बाहेर गेला. होळीची लाकडं रचणारी पोरं ओरडत होती. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा हळू बोलला. गंधक तेलात विरघळतं आणि पुढे काढूनही सगळं निघत नाही, पुडीतल्या तांब्यावर जाऊन बसतं. जिथे तेलाच्या आम्लाने बसायचं तिथे गंधक. एकदा बसलं की उठत नाही.

धनीबाई म्हणाली, "पाव्हना येऊन खाटेवर लोळला, घरच्याले टेकाले जागा नाई."

"तसंच, याडी."

माझ्याकडे न बघता त्याने कंदील बारीक केला. रागावला असता तर बरं झालं असतं.

८ मार्च

होळी. तांड्यात नाच चालू आहे. आम्ही तिघे घरात.

उदयचं म्हणणं, सर पंधरा-वीस दिवस थांबतील. स्वच्छ तेल हवं, दोन-तीन शेर पुरे. बाजारच्या तेलावर भरवसा नाही. टोळी आता पावसाळा लागताना मिळेल, तोवर जागा गेलेली असेल. मी म्हटलं, मी वाशीमला जातो, रिसोडला जातो, शिरपूरला जैन मंडळींना विचारतो. धनीबाई म्हणाली, "गावोगाव कायले फिरता? सोमलाच्या सुंदरबाईकडं मडकंभर तेल हाय. दरसाल काढते. संधिवाताले लावते ती."

सोमलाचं घर आमच्यापासून चार दारं पलीकडे.

मी म्हटलं, त्याच्याकडे नाही. ती म्हणाली, "मंग जा रिसोडले."

९ मार्च

धुळवड. सकाळी उदयला घेऊन सोमलाकडे गेलो. तो दारात बाजेवर बसला होता, तोंडाला राख आणि गुलाल. पाच-सहा माणसं होती. धनसिंगही होता.

सोमला म्हणाला, "मुनशी! तीन वर्सानं वाट सापडली?"

"तेल पायजे होतं. मोहाचं."

"कायले?"

"पोराच्या कामाले."

"पोरगा काय करते?"

"साबणाचं सामान."

"मंग जा ना, दुकानातून साबण घे." माणसं हसली. "आमाले सगळं ठाऊक हाय रे हरिसिंग. तुह्या तोंडून ऐकाचं हाय. चार माणसाईत त्याचं नाव घे, अन् तेल घेऊन जाय."

उदय पुढे होऊन म्हणाला, "सोमला काका, मी सांगतो ना..."

"तू नोको. तू शिकला-सवरला, तुले लाज नाई वाटाची. बापाले बोलू दे."

मी कुडाकडे पाहिलं. त्याची भट्टी ज्या जागी होती तिथे आता तुरीचं खळं होतं. हंडा फोडला तेव्हा तो नुसता उभा होता.

मी म्हटलं, "माहा पोरगा अल्कोहोल करते."

"मोठ्यानं."

"माहा पोरगा अल्कोहोल करते!"

"मोहाचं?"

"मोहाचं."

"सरकारच्या जागेत?"

"व्हय."

"सरकारच्याच भांड्यात?"

"व्हय रे बाप्पा, व्हय."

सोमला बाजेवर आडवा झाला इतका हसला. धनसिंग ढोल वाजवायला लागला. सोमला उठून बसला, गुलाल पुसला आणि म्हणाला, "आमी गाळली तं हंडा फोडला. तुह्या पोरानं गाळली तं त्याले साहेब म्हनाचं! वा रे कायदा." त्यात हसू होतं आणि हसू नव्हतंही. उदय म्हणाला, "काका, हे पिता येत नाई, मेण हाय." सोमला म्हणाला, "मंग तं तुमचं नशीब आमच्याहूनबी खोटं. एवढं करून प्यालेबी नाई!"

सुंदरबाई आतून मडकं घेऊन आली. तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं. नवऱ्याला म्हणाली, "तमाशा झाला असन तं सरका बाजूले." मी हात पुढे केले. तिने मडकं मागे घेतलं.

"तुमी नोका हात लावू, दादा. धनीबाईनं सांगतलं मले." आणि उदयच्या हातात दिलं. त्याला म्हणाली, "यात काईच घातलं नाई. मी कशातच काई घालत नाई."

सोमलाने जाताना माझ्या कपाळाला गुलाल लावला. जोराने लावला, डोळ्यात गेला.

१० मार्च

उदय गेला. मडकं गोधडीत गुंडाळून मांडीवर. मोटार सुटताना मी विचारलं, रागावला का? तो म्हणाला, "बा, तुमी माह्या डब्यासाठी घाणा धुतला. असं कोनी करत नाई." हे उत्तर आहे की नाही ते मला कळलं नाही.

२५ मार्च

पत्र नाही.

३१ मार्च

मुदत आज संपली. दौलतराव दुरूनच हात हलवून नाही म्हणाले. उत्प्रेरक म्हणजे पूड हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मी तेच तर म्हणत होतो, प्रेरणा देनारं काई तरी."

६ एप्रिल

मोहाची फुलं पडायची थांबली. सोमलाच्या म्हशी खाली चरतात. सोमला रोज विचारतो, "तुही भट्टी पेटली का नाई?" बोलतो आहे हे एक झालं.

१९ एप्रिल

कार्ड आलं. इथे उतरवून घेतो, कार्ड धनीबाईने पेटीत ठेवलं आहे.

"बा, सुंदरबाईच्या तेलावर दोन्ही धातू चालले. उत्प्रेरक मेला नाही. पांढरे मेण निघाले, पण थोडेच, तेल संपले. सरांनी पावसाळा संपेपर्यंत जागा राखली आहे. पुन्हा दोनदा तसेच निघाले तरच पक्के मानतील. यंदाची टोळी तुम्हीच गोळा करा."

'तुम्हीच' हा शब्द मी बोट ठेवून वाचला. तुम्ही असं नाही, तुम्हीच. सुंदरबाईला सांग असं लिहिता आलं असतं. धनीबाईला म्हटलं, तो चुकून लिहून गेला असेल. ती म्हणाली, "तो चुकून लिवनाऱ्यातला नाई. तो तुमच्यासारखा नाई."

३ जून

उदय, आता तुलाच लिहितो. हाच मजकूर उद्या कार्डावर उतरवून दौलतरावांकडे टाकतो.

टोळी पडायला लागली. पिकलेली फळं पहाटेपासून खाली पडतात. मी झाडाखाली जाऊन बसतो आणि कोणाला जवळ येऊ देत नाही. वेचून एकीकडे ठेवली आहे, पण पुढे हात चालत नाही. धुवायची का? धुतली तर पाणी चालेल की तेही कुठे जाऊन बसेल? चटई जुनी आहे, तिच्यावर मागे मिरच्या वाळवल्या होत्या. शेणाने सारवलेल्या जमिनीवर घालू का? हाताला तंबाखूचा वास येतो, तो तेलात जाईल का? काल एक किडा दिसला. मी त्याच्याकडे पाहत बसलो, तो गेला आपला फिरत. काही केलं नाही. इतकं कठीण काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

काय करायचं ते मला कळतं, साठ वर्षं तेच केलं. काय करायचं नाही तेवढं कळत नाही. तेवढं लिही. एका ओळीत लिही, शुद्ध मराठीत नको. आभाळ भरून येतं आहे आणि टोळी उघड्यावर आहे. लवकर कळव.